अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षण : असिस्टंटशिप आणि ट्यूशन स्कॉलरशिप मिळवण्याचा क्रम, अर्जापासून पहिल्या पगारापर्यंत

अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीला जाणारे बरेच विद्यार्थी पैशांची जुळवाजुळव प्रवेश मिळाल्यानंतर सुरू करतात, आणि पहिली गफलत तिथेच होते. असिस्टंटशिप ही विद्यापीठाने दिलेली नोकरी असते. येत्या सत्रात डिपार्टमेंटला किती प्रयोगवर्ग चालवायचे आहेत, कोणत्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात पैसा शिल्लक आहे आणि कोणत्या कार्यालयाला मदतनीस हवा आहे, यावर ती ठरते; अर्जदाराची गरज आणि गुणपत्रिकेतील आकडा यांचा विचार त्यानंतर होतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न समोर ठेवावा : हा पैसा कोणाच्या खात्यातून येणार, कोणत्या महिन्यात येणार आणि त्याच्या बदल्यात कोणते काम करावे लागणार?

टप्पा १ : कोणता पैसा कोणता, हे आधी ओळखणे

स्टायपेंड म्हणजे बँकेत जमा होणारा पगार. ट्यूशन वेव्हर म्हणजे शिक्षणशुल्काची माफी. ही रक्कम हातात कधीच येत नाही, ती फक्त विद्यापीठाच्या बिलातून वजा होते. स्कॉलरशिपही बहुधा बिलातूनच वजा होते, मात्र तिच्या बदल्यात काम करावे लागत नाही. ‘मला फंडिंग मिळाले’ असे कोणी सांगितले की या तिघांपैकी नेमके काय मिळाले हे विचारल्याशिवाय त्या माहितीचा काही उपयोग नसतो.

असिस्टंटशिपचे प्रकारही तीन. टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए, पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रयोगवर्ग घेतो, शंका सोडवतो, उत्तरपत्रिका तपासतो. त्याचा पगार डिपार्टमेंटच्या अंदाजपत्रकातून येतो. रिसर्च असिस्टंट, म्हणजे आरए, प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करतो आणि त्याचा पगार सहसा त्या प्रकल्पाच्या अनुदानातून निघतो, त्यामुळे अनुदान संपले की जागाही संपू शकते. ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे जीए, ग्रंथालय, वसतिगृह विभाग, करिअर सेंटर, आयटी विभाग किंवा विद्यार्थी कल्याण कार्यालयात काम करतो. काही विद्यापीठे या तिन्ही प्रकारांना सरसकट जीए म्हणतात, म्हणून पदनामापेक्षा कामाचे वर्णन वाचावे.

नेमणूक टक्क्यांत लिहिलेली असते. पन्नास टक्के म्हणजे आठवड्याला २० तास, पंचवीस टक्के म्हणजे १० तास. पन्नास टक्के वाचून ‘अर्धाच पगार मिळणार’ असे समजण्याचे कारण नाही; एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्यासाठी सत्र चालू असताना तीच पूर्ण नेमणूक असते.

*इशारा :* उत्तरपत्रिका तपासनीस, मेसमधील काम, ग्रंथालयातील खिडकी ही ताशी मजुरीची कामे आहेत. त्यांतून घरभाडे आणि किराणा निघू शकतो, पण ट्यूशन वेव्हर त्यांच्यासोबत सहसा येत नाही. एमएसचे पहिले वर्ष अशा कामातून फी भरून काढण्याच्या हिशेबावर उभे करू नये.

टप्पा २ : विद्यापीठांची यादी पैशाच्या अंगाने तपासणे

क्रमवारी पाहून यादी करणे आणि मग त्या यादीत फंडिंग शोधणे हा उलटा क्रम आहे. प्रत्येक डिपार्टमेंटच्या संकेतस्थळावर ‘फंडिंग’ किंवा ‘फायनान्शियल सपोर्ट’ असे पान असते. त्यावर एमएसच्या विद्यार्थ्यांबद्दल काय लिहिले आहे ते शब्दशः वाचावे. ‘पीएचडीच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य दिले जाते’ या सौम्य वाक्याचा व्यवहारातील अर्थ ‘एमएसला पहिल्या सत्रात बहुतेक काहीच नाही’ असा असतो. विज्ञान आणि अभियांत्रिकीतील पीएचडीला वेव्हर, स्टायपेंड आणि आरोग्यविमा एकत्र देण्याची पद्धत रुळलेली आहे. एमएससाठी मात्र विद्यापीठागणिक चित्र बदलते, आणि संगणकशास्त्रासारख्या गर्दीच्या विषयात जागा सर्वांत कमी अर्जदारांच्या वाट्याला येतात. गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांसारख्या विषयांत पदवीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग मोठे असल्यामुळे टीएंची गरजही मोठी असते. ज्या विद्यापीठात त्या विषयाची पीएचडीच नाही, तिथे हे काम एमएसच्या विद्यार्थ्यांकडे येण्याची शक्यता वाढते. माझ्या मते ही एक गोष्ट क्रमवारीतील वीस स्थानांपेक्षा जास्त मोलाची आहे.

सरकारी विद्यापीठांत ट्यूशनचे दोन दर असतात : राज्यातील रहिवाशांसाठी कमी आणि बाहेरच्यांसाठी बराच जास्त. वेव्हर यांपैकी काय माफ करतो हे पाहणे आवश्यक आहे, कारण काही ठिकाणी फक्त दोन दरांमधला फरक माफ होतो आणि रहिवासी दराची रक्कम भरावीच लागते. टेक्सासचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठात स्पर्धात्मक निवडीतून वर्षाला किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळालेला बाहेरचा विद्यार्थी रहिवासी दराला पात्र ठरू शकतो. अर्धवेळ म्हणजे २० तासांच्या टीए-आरए नेमणुकीसाठीही तशी तरतूद आहे. कागदावर हजार डॉलरची दिसणारी स्कॉलरशिप म्हणूनच प्रत्यक्षात कित्येक हजार डॉलर वाचवते. मात्र स्पर्धात्मक स्कॉलरशिपच्या सवलतीला विद्यार्थ्यांच्या संख्येची कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे स्कॉलरशिपच्या पत्रात दराचा उल्लेख आहे का हे पाहावे आणि नसेल तर विचारावे.

जिथे आपण पात्रच नाही तिथे वेळ घालवू नये. फाफ्सा या अर्जावर मिळणारी केंद्र सरकारची मदत एफ-१ विद्यार्थ्यांना मिळत नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप अमेरिकी नागरिक, नॅशनल (नागरिकत्व नसलेले पण अमेरिकी राष्ट्रीयत्व असलेले) आणि कायम रहिवासी यांच्यापुरतीच आहे. कॅम्पसवरील नोकऱ्यांच्या यादीत ज्या जागेपुढे ‘वर्क-स्टडी’ लिहिलेले असते, ती जागाही याच केंद्रीय मदतीतून भरली जाते. ती सोडून पुढे जावे.

*तपासणी :* यादीतील प्रत्येक विद्यापीठापुढे चार रकाने भरावेत : एमएसला पहिल्या सत्रात टीए मिळतो का, वेव्हर किती टक्के, स्कॉलरशिपसाठी वेगळा अर्ज आहे का, आणि फंडिंगची मुदत कोणती. चारही रकाने कोरे राहिले तर ते विद्यापीठ स्वखर्चाचे समजून ठेवावे किंवा वगळावे.

टप्पा ३ : नोकरीसाठी लागणारी कागदपत्रे

प्रवेशासाठीची कागदपत्रे आणि असिस्टंटशिपसाठीची कागदपत्रे यांत मोठा भाग सामाईक असला, तरी वाचणारी नजर वेगळी असते. टीए निवडणाऱ्या समितीला एवढेच जाणून घ्यायचे असते की हा माणूस कॅल्क्युलसचा किंवा प्रोग्रॅमिंगचा वर्ग दुसऱ्या आठवड्यापासून सांभाळू शकेल का. म्हणून सीव्हीमध्ये शिकवण्याचा कोणताही अनुभव स्वतंत्र मथळ्याखाली लिहावा : कनिष्ठ विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक घेणे, शिकवणीवर्गात शिकवणे, विभागाची कार्यशाळा चालवणे. तीन शिफारसपत्रांपैकी निदान एक अशा शिक्षकाचे असावे ज्याने आपल्याला समजावून सांगताना पाहिले आहे. ‘अत्यंत हुशार आणि मेहनती’ एवढेच लिहिलेली तीन पत्रे एकमेकांची नक्कल वाटतात.

बोलण्याच्या इंग्रजीची अट वेगळी तपासावी. अनेक राज्यांत आणि विद्यापीठांत टीएने वर्गात समजेल असे इंग्रजी बोलावे अशी नियमावली आहे, आणि त्यासाठी टोफेल किंवा आयईएलटीएसच्या एकूण गुणांव्यतिरिक्त केवळ ‘स्पीकिंग’ भागाचे किमान गुण मागितले जातात. प्रवेशापुरते एकूण गुण पुरेसे असूनही या एका भागामुळे टीएची संधी हुकलेले विद्यार्थी दरवर्षी असतात. काही विद्यापीठे पोहोचल्यावर स्वतःची तोंडी परीक्षा घेतात आणि ती उत्तीर्ण होईपर्यंत वर्गाऐवजी उत्तरपत्रिका तपासण्याचे काम देतात.

गुणपत्रिकेबाबत एकच सूचना. दहापैकी असलेले गुण स्वतः चारपैकीच्या मापात बदलून लिहू नयेत, तसे करण्यास विद्यापीठाने सांगितले असेल तरच करावे. बहुतेक ठिकाणी असिस्टंटशिपसाठी चारपैकी ३.० ची किमान अट असते आणि रूपांतर त्यांचे ते करतात.

टप्पा ४ : मुदत आणि अर्जातील लहान चौकट

फॉल, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राच्या अर्जाला अनेकदा दोन मुदती असतात. एक प्रवेशाची अंतिम मुदत, जी मार्च किंवा त्यानंतरही असू शकते; दुसरी फंडिंगच्या विचारासाठीची, जी साधारणपणे डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत संपते. फेब्रुवारीत भरलेला अर्ज वेळेत असतो, प्रवेशही मिळतो आणि पैशाचे वाटप मात्र तोपर्यंत आटोपलेले असते. शिफारसपत्रे फंडिंगच्या मुदतीआधी पोहोचली पाहिजेत, कारण अपूर्ण अर्ज समितीपुढे ठेवला जात नाही. शिक्षकांना त्या मुदतीच्या तीन आठवडे आधीची तारीख सांगावी; ते ती थोडी चुकवणार हे गृहीत धरूनच.

ऑनलाइन अर्जात कुठेतरी ‘आपला असिस्टंटशिपसाठी विचार व्हावा का?’ अशी चौकट असते. ती निवडली नाही तर बाकी सर्व उत्तम असूनही नाव यादीत जात नाही. काही डिपार्टमेंट टीएसाठी वेगळा फॉर्म ठेवतात, ज्यात कोणते विषय शिकवू शकता हे विचारलेले असते. तिथे सगळेच विषय निवडणे हुशारीचे वाटते, पण चार-पाच विषय निवडून प्रत्येकात मिळालेले गुण लिहिणे अधिक विश्वासार्ह ठरते.

स्प्रिंग, म्हणजे जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रात प्रवेश घेण्याचा विचार असेल तर जागा कमी असतात हे मान्य करून चालावे, कारण वर्षाच्या नेमणुका ऑगस्टमध्येच झालेल्या असतात. प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलला, तर प्रवेश टिकतो पण फंडिंग बहुधा टिकत नाही.

टप्पा ५ : प्राध्यापकांना पत्र

आरएसाठी प्राध्यापकांना ईमेल करावे लागते, आणि सर्वांत जास्त श्रम वाया जातात ते याच टप्प्यावर. एकच मजकूर शंभर जणांना पाठवला की तो न वाचता पुसला जातो. त्याऐवजी आठ-दहा नावे निवडावीत आणि लिहिण्याआधी त्यांच्याकडे पैसा आहे का हे पाहावे. हे गुपित नसते. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘अवॉर्ड सर्च’ आणि आरोग्य संशोधनासाठी एनआयएचच्या ‘रिपोर्टर’ या खुल्या माहितीसाठ्यांत प्राध्यापकाचे नाव टाकले की अनुदानाचा विषय, रक्कम, सुरुवातीची आणि समाप्तीची तारीख दिसते. समाप्तीला दोन-तीन वर्षे असलेले आणि नुकतेच सुरू झालेले अनुदान असेल तर माणसे घेतली जाण्याची शक्यता असते. येत्या उन्हाळ्यात संपणाऱ्या अनुदानावर नवा विद्यार्थी कोणी घेत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय संस्थांनी बरीच अनुदाने मध्येच थांबवली आणि अनेक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, म्हणून माहितीसाठ्यात अनुदान दिसले तरी ते चालू आहे का हे प्रयोगशाळेच्या ताज्या पानावरून पडताळून घ्यावे.

पत्र दोनशे शब्दांच्या आत असावे. पहिल्या वाक्यात आपण कोण आणि कोणत्या सत्रासाठी अर्ज करत आहोत हे यावे. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या एका शोधनिबंधातील एका ठरावीक गोष्टीचा आपल्या कामाशी असलेला संबंध सांगावा. निबंधाचे शीर्षक उतरवून ‘मला फार आवडले’ म्हणणे हा संबंध नव्हे. तिसऱ्या परिच्छेदात त्यांना उपयोगी पडेल असे आपल्याला काय येते ते लिहावे, आणि शेवटी पुढील वर्षी ते विद्यार्थी घेणार आहेत का एवढेच विचारावे. पहिल्याच पत्रात घरची परिस्थिती किंवा कर्जाचा भार मांडू नये. प्राध्यापकाला सहानुभूती वाटली तरी अनुदानाच्या नियमांपुढे तिचा उपयोग होत नाही. सोबत सीव्ही आणि गुणपत्रिका, दोन्ही पीडीएफ. उत्तर नाही आले तर दोन आठवड्यांनी एक आठवण पाठवावी आणि मग तो विषय सोडावा.

*इशारा :* ‘आधी एक सत्र बिनपगारी काम कर, मग पाहू’ असा प्रस्ताव आल्यास घाईने होकार देऊ नये. ज्या कामाला एरवी पगार दिला जातो ते फुकट करणे व्हिसाच्या नियमांच्या दृष्टीने अडचणीचे ठरू शकते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावे. क्रेडिटसाठी (पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या अभ्यासाच्या एककांसाठी) संशोधन करण्याचा रीतसर मार्ग बहुतेक ठिकाणी असतो.

टप्पा ६ : डिपार्टमेंटबाहेरच्या जागा

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे याकडे फारसे लक्ष जात नाही. जीएच्या जागा विद्यापीठाच्या नोकरभरती पानावर किंवा हँडशेक या विद्यार्थ्यांसाठीच्या नोकरीविषयक संकेतस्थळावर येतात, बहुतेक वसंतात आणि उन्हाळ्यात, आणि त्यासाठी वेगळी मुलाखत होते जी परदेशातून व्हिडिओवरही देता येते. वसतिगृह विभागातील जागांबरोबर कधी राहण्याची आणि जेवणाची सोयही असते. जाहिरातीत ‘ट्यूशन’ हा शब्द शोधावा. तो नसेल तर ते ताशी काम समजावे.

टप्पा ७ : ऑफर लेटर ओळीओळीने वाचणे

या टप्प्यावर घाई सर्वांत महाग पडते. पत्रातील मोठ्या अक्षरांतला स्टायपेंडचा आकडा बाजूला ठेवून पुढील गोष्टी शोधाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे कालावधी. स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा? नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्याचे भाडे त्यातूनच बाजूला काढावे लागते. नेमणूक एका सत्राची आहे, वर्षाची आहे की ‘समाधानकारक प्रगती असल्यास’ चार-पाच वर्षांची, हेही इथेच लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट वेव्हरची व्याप्ती. किती क्रेडिटपर्यंत माफी आहे? नऊ क्रेडिटची माफी असताना बारा क्रेडिट घेतले तर उरलेल्या तिनांचे बिल येते. उलट, नेमणूक टिकवण्यासाठी किमान क्रेडिटची अटही असते. तसेच अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन महाविद्यालये ट्यूशनवर जो जादा आकार लावतात तो माफीत आहे का, हे वेगळे विचारावे.

तिसरी गोष्ट फी. ट्यूशन आणि फी हे दोन वेगळे शब्द आहेत आणि वेव्हर सहसा पहिल्यालाच लागू होतो. विद्यार्थी सुविधा, तंत्रज्ञान, वाहतूक, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सेवा अशा नावांची रक्कम दर सत्राला भरावी लागते. आरोग्यविमा कोण भरतो हाही याच हिशेबाचा भाग.

एक कल्पित हिशेब करून पाहू. एका विद्यापीठाने नऊ महिन्यांसाठी २४,००० डॉलर स्टायपेंड आणि पूर्ण वेव्हर देऊ केला. फी दर सत्राला १,८०० डॉलर, विमा वर्षाला ३,२०० डॉलर, दोन्ही विद्यार्थ्याने भरायचे. दुसऱ्याने २०,००० डॉलर आणि पूर्ण वेव्हर दिला. फी दर सत्राला ६०० डॉलर, विमा विद्यापीठाचा. पहिल्याकडे वर्षाचे ३,६०० आणि ३,२०० वजा जाता १७,२०० डॉलर उरतात. दुसऱ्याकडे १,२०० वजा जाता १८,८०० उरतात. चार हजारांनी कमी दिसणारी ऑफर कर आणि घरभाडे लक्षात घेण्याआधीच १,६०० डॉलरने सरस ठरते. बारा महिन्यांत वाटल्यास पहिलीकडे महिन्याला सुमारे १,४३३ आणि दुसरीकडे सुमारे १,५६७ डॉलर येतात. यांपैकी कोणत्या आकड्यात त्या गावात खोलीचे भाडे बसते, हा पुढचा प्रश्न.

चौथी गोष्ट म्हणजे सत्राच्या मध्येच काम सोडले किंवा क्रेडिट कमी झाले तर काय होते. अनेक विद्यापीठांत अशा वेळी वेव्हर मागे घेतला जातो आणि पूर्ण ट्यूशनचे बिल लागू होते. अंतर्वासिता मिळाली म्हणून ऑक्टोबरात टीए सोडण्याचा विचार करणाऱ्याने हे कलम आधी वाचावे.

केवळ स्कॉलरशिपचे पत्र असेल तर तीन अटी पाहाव्यात : ती दुसऱ्या वर्षी आपोआप सुरू राहते का, त्यासाठी जीपीए (चारपैकीची गुणसरासरी) किती टिकवावा लागतो आणि असिस्टंटशिप मिळाल्यास ती रद्द किंवा कमी होते का. दुसऱ्या विद्यापीठाची चांगली ऑफर हातात असेल तर ती जोडून रक्कम वाढवता येईल का असे नम्रपणे एकदा विचारण्यात काही गैर नाही. दुसऱ्यांदा विचारू नये.

*तपासणी :* जे ईमेलवर किंवा फोनवर ‘होईल’ म्हणून सांगितले आहे पण पत्रात नाही, ते मिळणार नाही असे धरून हिशेब करावा. ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला लेखी विचारणे हा नेहमीचा व्यवहार आहे, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

टप्पा ८ : होकार कधी द्यावा

कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या संघटनेचा ‘१५ एप्रिल’चा ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी फॉलसाठी दिलेल्या आर्थिक सहाय्याच्या ऑफरला विद्यार्थ्याने १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचे बंधन नसते. सह्या केलेल्या विद्यापीठांची यादी कौन्सिलकडे उपलब्ध असते. ठराव आर्थिक सहाय्याला लागू होतो, निव्वळ प्रवेशाच्या मुदतीला नव्हे. वसतिगृहाच्या किंवा अनामत रकमेच्या तारखा वेगळ्या असू शकतात. मार्चमध्ये ‘एका आठवड्यात कळवा’ असे पत्र आले आणि विद्यापीठ त्या यादीत असेल, तर ठरावाचा सभ्यपणे उल्लेख करून १५ एप्रिलपर्यंतचा वेळ मागावा.

एकदा होकार दिल्यावर दुसरी चांगली ऑफर आली, तर आधी पहिल्या विद्यापीठाला लेखी कळवून मोकळे व्हावे, मगच दुसरीकडे होकार द्यावा. जी ऑफर घ्यायची नाही ती लवकर नाकारावी, कारण प्रतीक्षायादीवरील दुसऱ्या कोणाचे वर्ष त्यावर अवलंबून असते.

टप्पा ९ : आय-२० आणि व्हिसा

आय-२० म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेले प्रमाणपत्र. त्यात वर्षाचा अंदाजे खर्च आणि तो कुठून येणार याचे रकाने असतात. असिस्टंटशिप आणि वेव्हरची रक्कम विद्यापीठाच्या निधीच्या रकान्यात दिसली पाहिजे. ऑफर आय-२० निघाल्यानंतर आली असेल तर सुधारित आय-२० मागून घ्यावा आणि मुलाखतीला ऑफर लेटरसह न्यावा. उरलेल्या रकमेसाठी बचत किंवा मंजूर कर्जाचे कागद लागतात. ‘तिथे गेल्यावर असिस्टंटशिप मिळेल’ हे उत्तर खर्चाचा पुरावा म्हणून चालत नाही, विद्यापीठाकडेही नाही आणि वाणिज्य दूतावासातही नाही.

*इशारा :* आपण अमेरिकेत पोहोचल्यानंतर कित्येक आठवड्यांनी पहिला पगार येतो. ऑगस्टच्या मध्यास वर्ग सुरू झाले तर तो सप्टेंबर अखेरीस येणे सामान्य आहे. अनामत, पहिले भाडे, फी आणि जेवण यांसाठी दोन महिन्यांचा खर्च सोबत ठेवावा. फीचे हप्ते किंवा पगारातून कपात अशी सोय बऱ्याच विद्यापीठांत असते, पण ती अर्ज केल्यावरच मिळते.

टप्पा १० : पोहोचल्यावरचा कागदोपत्री क्रम

इथे क्रम चुकला की पगार अडकतो. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरी नोंदवावी, म्हणजे सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत नोंद सक्रिय होते. मग मनुष्यबळ विभागात आय-९, म्हणजे काम करण्याचा हक्क पडताळण्याचा फॉर्म, भरावा. आपला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत पूर्ण व्हावा लागतो आणि मूळ पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) आणि आय-२० पाहून विद्यापीठाने आपला भाग तीन कामकाजाच्या दिवसांत पुरा करायचा असतो. त्यानंतर विभागाचे नोकरीपत्र आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाचे पत्र घेऊन, पगार आणि करासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळवायला सोशल सिक्युरिटी कार्यालयात जावे. काम सुरू व्हायला ३० दिवसांपेक्षा जास्त अवधी असेल तर तिथे अर्ज हाताळला जात नाही. क्रमांक यायला वेळ लागतो, पण अर्ज केलेला असेल तर काम सुरू करता येते. क्रमांक आल्यावर तो पगार विभागाला कळवणे मात्र आपले काम आहे.

पगारातून किती कर कापायचा हे ठरवणारा डब्ल्यू-४ फॉर्म भरताना अनिवासी परदेशी व्यक्तींसाठीच्या वेगळ्या सूचना वाचाव्यात. सहकाऱ्याचा फॉर्म पाहून भरलेला डब्ल्यू-४ बहुधा चुकतो, कारण तो सहकारी अमेरिकी नागरिक असतो.

टप्पा ११ : वीस तासांची मर्यादा

सत्र चालू असताना एफ-१ विद्यार्थ्याला कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, आणि ही मर्यादा सर्व कामांची मिळून आहे. पन्नास टक्के टीए असलेल्याने शनिवारी ग्रंथालयात चार तास घेतले तर त्या आठवड्याचे २४ तास होतात आणि नियम मोडला जातो, मग दोन्ही पगार विद्यापीठाचेच असोत. एका आठवड्यात १४ आणि पुढच्यात २६ करून सरासरी काढण्याचीही सोय नाही. सुट्ट्यांमध्ये पूर्णवेळ काम चालते. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय केलेले काम, रोख पैशात असले तरी, व्हिसाचा दर्जा घालवू शकते.

टप्पा १२ : कर

स्टायपेंड कामाच्या बदल्यात मिळत असल्यामुळे तो करपात्र पगार आहे. टीए आणि आरएच्या ट्यूशन माफीवर साधारणपणे कर लागत नाही. प्रशासकीय जीएच्या माफीला वेगळे कलम लागू होऊ शकते, ज्याची वार्षिक मर्यादा दीर्घकाळ ५,२५० डॉलर राहिली आहे. त्यावरील माफी पगारात धरली गेली तर एखाद्या महिन्याचा पगार अचानक कमी दिसतो. जीएची ऑफर घेताना हा प्रश्न पगार विभागाला आधीच विचारून ठेवावा.

एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे सहसा अनिवासी मानला जातो, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचल्यासही ते एक वर्ष मोजले जाते. या काळात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि वृद्धांचा आरोग्यविमा या सरकारी योजना) यांची कपात होऊ नये. पगारपत्रकात ती दिसली तर लगेच कळवावे. अनिवासींसाठीचे कर विवरणपत्र १०४०-एनआर भरायचे असते, सोबत फॉर्म ८८४३. रहिवाशांसाठीचे लोकप्रिय सॉफ्टवेअर वापरून साधा १०४० भरणे ही वारंवार होणारी चूक आहे. भारत-अमेरिका कर-करारातील कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना अनिवासी असूनही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, घेता येते. २०२४ साठी अविवाहित व्यक्तीला ही वजावट १४,६०० डॉलर होती. वेतन मिळालेल्यांची मुदत पुढील वर्षीची १५ एप्रिल. राज्याचा कर वेगळा, आणि सर्वच राज्ये हा करार मानत नाहीत. कॅलिफोर्निया मानत नाही.

टप्पा १३ : दुसऱ्या सत्राची जागा

पहिल्या सत्रात असिस्टंटशिप न मिळालेल्या एमएसच्या विद्यार्थ्यासाठी खरी संधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, कारण डिसेंबरमध्ये पदवी घेऊन जाणाऱ्यांच्या जागा तेव्हा रिकाम्या होणार असतात. त्याआधी ज्या विषयाचा टीए व्हायचे आहे त्याच्या प्राध्यापकाच्या कार्यालयीन वेळेत निदान दोनदा जाऊन अभ्यासाचा प्रश्न विचारलेला असावा. नोकरी मागायला तिसऱ्या भेटीत जावे, सोबत त्या विषयातील गुण आणि एका पानाचा सीव्ही घेऊन.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी नूतनीकरण आपोआप होईल असे गृहीत धरू नये. काही ठिकाणी दर सत्राला नवा अर्ज लागतो. पहिल्या सत्रात कठीण विषयांची गर्दी करून जीपीए ३.० खाली नेणे आणि मग नेमणूक जाणे, हे असिस्टंटशिप गमावण्याचे नेहमीचे कारण आहे. टीएच्या कामाचे २० तास आठवड्यातून आधी वजा करून मगच विषय निवडावेत. नूतनीकरणाचे पत्र आल्यावर वेव्हरची टक्केवारी, क्रेडिटची मर्यादा आणि कालावधी गेल्या वर्षीच्या पत्राशी ताडून पाहावा, कारण स्टायपेंडचा आकडा तोच ठेवून यांपैकी एखादे कलम बदललेले असू शकते.